दोन वर्षे घरी शिकलेली मुले जूनमध्ये वर्गात बसताना : पहिली ते चौथीच्या पालकांसाठी धागा

पाटीपेन्सिल (धागाकर्ती), मे २०२२

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. निकाल लागून सुट्टी सुरू झाली, आणि तेव्हापासून गावातले, नात्यातले, ओळखीतले पालक फिरून फिरून एकच प्रश्न विचारत आहेत : "प्रगतिपुस्तकात श्रेणी चांगली आहे, पण मुलाला धड वाचता येत नाही, पुढच्या वर्गात त्याचे कसे व्हायचे?" प्रत्येकाला वेगवेगळे उत्तर देण्यापेक्षा येथे सविस्तर लिहिते. इतर शिक्षकांनी आणि पालकांनी जरूर भर घालावी, मतभेद असल्यास तेही मांडावेत.

आधी काय घडले ते एकदा नीट पाहू, कारण वर्ष आणि इयत्ता यांचा हिशेब बऱ्याच घरांत चुकलेला दिसतो. मार्च २०२० च्या मध्यावर कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द होऊन सर्व मुले वरच्या वर्गात गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी उघडले, पण पहिली ते चौथीची दारे बंदच राहिली. दुसऱ्या लाटेमुळे एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा परीक्षेविना वर्गोन्नती झाली. छोट्यांचे वर्ग भरले ते थेट १ डिसेंबर २०२१ ला, मुंबई-पुण्यात त्याच महिन्याच्या मध्यावर, आणि जानेवारीत ओमायक्रॉनमुळे त्यातही खंड पडला. म्हणजे जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीच्या पटावर आले, ते वर्गात पहिल्यांदा बसले तेव्हा दुसरीत होते आणि येत्या जूनमध्ये तिसरीत जाणार आहे. पहिलीचा वर्ग त्याने पाहिलेलाच नाही.

या काळात शिक्षण थांबले होते असे मात्र मी म्हणणार नाही. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येत होती. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका सुरू झाली, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर उघडत होता, आणि जेथे रेंज नव्हती तेथे शिक्षक ओट्यावर, देवळात, झाडाखाली चार-चार मुले जमवून बसत होते. सोलापूरच्या नीलमनगरात तर घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले गेले. साधने वाईट नव्हती. तुटला होता तो परतीचा रस्ता : पाठवलेल्यातले मुलाला नेमके काय आले, हे शिक्षकापर्यंत पोचतच नव्हते.

याचे एक उदाहरण देते. स्वाध्यायाच्या वहीच्या पानाचा फोटो काढून तो गटावर टाकायचा, अशी पद्धत होती. अशा फोटोत अनेकदा पहिल्या तीन ओळी मोठ्या, हलत्या, रेघ सोडून चाललेल्या असत; चौथ्या ओळीपासून अक्षर एकदम लहान होई, 'र' ची शेपटी सुरेख वळे आणि शिरोरेघ सरळ जाई. आईने लिहिले आहे हे आम्हाला कळत होते. यात दोष देण्यासारखे काही नाही. घरातला एकुलता मोबाइल वडिलांबरोबर संध्याकाळी सातला घरी येणार, फोटो रात्रीपर्यंत पाठवायचा आणि मूल पेंगुळलेले, अशा वेळी दुसरे काय होणार? पण त्या पानांवरून आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या तपासणीच्या, नोंदी झाल्या, नोंदींवरून श्रेणी आली, आणि आज पालक तीच श्रेणी हातात धरून कोड्यात पडले आहेत.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की, शाळा उघडताच वर्गशिक्षकांना मुलाला काय येते आणि काय येत नाही हे खरेखरे सांगा, आणि ते सांगता यावे यासाठी सुट्टीत एकदा शांतपणे स्वतः पाहून घ्या. शिकवणी लावणे, पुढच्या इयत्तेची पुस्तके आतापासून घोकून घेणे, हे सगळे त्यानंतरचे विषय आहेत.

दोन_लेकींची_आई

ताई, फार गरजेचा धागा काढलात. मी पुण्यात राहते. धाकटी आता तिसरीत जाईल, म्हणजे तुम्ही वर्णन केलेल्या मुलांपैकीच ती एक. ती बालभारतीच्या पुस्तकातल्या कविता आणि पहिले काही धडे न अडखळता वाचते, त्यामुळे वाचनाची काळजी नाही असे मी समजत होते; पण परवा दुकानाच्या पाटीवरचे सोपे शब्द तिला वाचता येईनात. पाहून घ्या म्हणता, ते नेमके कसे पाहायचे? मी शिक्षिका नाही, आणि परीक्षा घेतल्यासारखे केले की ती रडते.

पाटीपेन्सिल

ताई, तुमची लेक वाचत नसून म्हणून दाखवत असण्याची शक्यता मोठी आहे. दोन वर्षांत तेच व्हिडिओ आणि तेच धडे इतक्या वेळा कानावर पडले आहेत की मुलांना ते पाठ झाले आहेत. पुस्तक समोर असते, बोटही फिरत असते, पण तोंड तिसऱ्या ओळीवर आणि बोट पाचव्या ओळीवर असे चित्र मी वर्गात पुष्कळ पाहिले. ओळखायचा सोपा उपाय असा, की धड्याच्या मधलाच एखादा शब्द दाखवून "हा कोणता?" असे विचारावे. पाठांतर असेल तर मूल सुरुवातीपासून मनात म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत येते. त्यानंतर कधीही न पाहिलेला, त्याच तोडीचा मजकूर द्यावा.

वाचनाच्या पायऱ्या आपल्या भाषेत बऱ्यापैकी स्पष्ट आहेत. मुळाक्षरे ओळखता येतात का; 'कमळ', 'गवत', 'सरळ' असे काना-मात्रा नसलेले शब्द जुळवता येतात का; त्यानंतर काना, वेलांटी, उकार, मात्रा; मग साधी वाक्ये आणि चार ओळींचा परिच्छेद; जोडाक्षरे सर्वांत शेवटी. या मुलांचे गाडे बहुधा काना-मात्रेपाशी अडलेले असते. अक्षरे टीव्हीने आणि मोबाइलने शिकवली, पण 'क' ला वेलांटी लागली की तोंडातून काय निघते, हे शेजारी बसून शंभरदा म्हणून घ्यावे लागते, आणि तेवढे कोणी शेजारी नव्हते. 'असर' या ग्रामीण पाहणीतले वाचनाचे साधनही याच धर्तीचे आहे : अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कितवीतही असले तरी तेच कागद पुढे ठेवतात, आणि घरी पाहतानाही इयत्ता अशीच बाजूला ठेवावी.

रडण्याविषयी सांगायचे तर, वही-पेन्सिल घेऊन समोर बसवूच नका. किराण्याची यादी, बसवरची पाटी, लग्नपत्रिका, बिस्किटाचा पुडा यांवरून अंदाज येतो. ज्या पायरीवर मूल अडखळते तिच्या एक पायरी खालचे वाचायला द्यावे, म्हणजे ते आनंदाने वाचते आणि हळूहळू वर सरकते.

गणितात आधी मोजणी पाहा. शंभरपर्यंत अंक म्हणता येणे निराळे आणि शेंगदाण्यांच्या ढिगातून सदतीस दाणे मोजून काढता येणे निराळे. 'बावन्न' म्हटले की 'दोन' चा आवाज आधी येतो, त्यामुळे मुले २५ लिहून मोकळी होतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास दोन' असे वाचन दिले तेव्हा जो गदारोळ झाला होता, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. यावर उपाय म्हणजे दहा-दहा काड्यांचे गठ्ठे. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलाने स्वतःच्या हातांनी मांडल्या की दशक आणि एकक वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. हातच्याची बेरीज, उसन्याची वजाबाकी येत नसेल, तर त्याचे कारण नव्वद टक्के येथेच सापडते, हे अनुभवावरून सांगते, पाहणीवरून नव्हे.

ठाण्याचा_बाबा

मी थोडे विरुद्ध मत मांडतो. माझा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत आहे. ऑनलाइन वर्गांबाबतच्या जुलै २०२० च्या शासन निर्णयात पहिली-दुसरीला दिवसाला केवळ अर्धा तास, त्यातही पंधरा मिनिटे पालकांशी संवाद, असे असताना आमच्या शाळेने सहा-सात वर्षांच्या मुलांना रोज चार-चार तास पडद्यासमोर बसवले, पूर्ण शुल्क घेतले, आणि तरीही मुलाला साधे वाक्य लिहिता येत नाही. पायाच कच्चा असताना वर मजले चढवण्यात काय अर्थ आहे? मुलाला तिसरीऐवजी पुन्हा दुसरीतच बसवावे, असे आम्हा दोघांना वाटू लागले आहे. एक वर्ष गेले तर गेले.

निवृत्त_हेडमास्तर

आपली कळकळ समजते, तरीही हा मार्ग मला पटत नाही. शिक्षण हक्क कायद्याचा पाया वयानुरूप वर्ग हा आहे आणि आपल्याकडे २०२२ पर्यंत तरी आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात ठेवले गेलेले नाही. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी पुन्हा दुसरीत बसवून होणार काय? तेच पुस्तक, तोच वेग आणि आपल्याहून लहान मुलांत बसल्याची बोच. मुलाला दुसरीचे सगळे पुस्तक नको आहे, त्यातल्या मोजक्या सात-आठ गोष्टी हव्या आहेत. शिवाय त्याचा सगळा वर्गच या अवस्थेत आहे. सगळी मुले मागे असताना आपल्या एकट्याच्या मुलाला मागे बसवणे म्हणजे गाडी सगळ्यांचीच उशिरा सुटली असताना आपण एकट्याने स्टेशनवर उतरून जाण्यासारखे आहे.

शाळेकडून मागायचे ते हे, की पहिले काही आठवडे मागच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींसाठी, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला जे यायला हवे होते त्यासाठी, द्यावेत. ही काही जगावेगळी मागणी नाही. गेल्या वर्षी १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ असा पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम याच हेतूने आखला होता आणि त्यात तीन चाचण्याही होत्या. कल्पना चांगली होती. दुर्दैवाने लहान मुलांच्या शाळा तेव्हा बंदच होत्या, त्यामुळे मूळ दुखण्यावरचे औषधही त्याच मोबाइलवरून द्यावे लागले. आता वर्ग भरणार असल्याने तेच साहित्य समोरासमोर वापरता येईल. आपल्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात, आणि सरकारी शाळा असल्यास शाळा व्यवस्थापन समितीत, हा विषय पहिल्याच बैठकीत घ्यावा. आणखी एक गोष्ट : जुलै २०२० मध्ये पाठ्यक्रम पंचवीस टक्के कमी केला, तो त्या वर्षाचा भार हलका करण्यासाठी. वगळलेले घटक पुढच्या इयत्तेत लागतच नाहीत, असा समज काही पालकांनी करून घेतला आहे, तो दूर करावा.

बालाघाटचा_मास्तर

वरची चर्चा उत्तम आहे, पण ती वाचता येणाऱ्या आई-बापांची आहे. मी बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांना शिकवतो. दिवाळी झाली की आमची निम्मी शाळा आई-वडिलांबरोबर कारखान्यांकडे जाते. फडावर चार्जिंगची सोय नाही, तेथे कोणती अभ्यासमाला आणि कोणते अ‍ॅप? शाळा चालू असत तेव्हा काही मुलांना हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात थांबवून घेता येत असे. शाळाच बंद म्हटल्यावर लेकराला घरी कोणाजवळ ठेवायचे, या विचाराने एरवी थांबणारी मुलेही कोप्यांवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपड्यांत, गेली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या 'असर'च्या अहवालानुसार देशातल्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होते. आकडा पाहून बरे वाटते. पण ज्यांच्या घरी फोन होता त्यांतल्याही २६ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मुळीच मिळत नव्हता, हे त्याच अहवालात पुढे आहे. फोन थोरल्या भावाला मिळतो, बहिणीचा नंबर शेवटी लागतो, हे सांगायला पाहणीही नको.

निरक्षर आई काय करू शकते, हे लिहावे असे वाटते. तिला अक्षर कळत नसले तरी मुलाचा आवाज कळतो. रोज जेवणापूर्वी मुलाला काहीही मोठ्याने वाचायला सांगावे आणि बोट शब्दाबरोबर पुढे सरकते की एकाच जागी थांबले आहे, एवढे पाहावे. हिशेब तर तिला आमच्याहून चांगला येतो. आठवडी बाजारातून आल्यावर किती दिले, किती परत आले, हे तोंडी करून घेतले तर त्या मुलाची वजाबाकी पुस्तकवाल्यापेक्षा पक्की होते. शाळेत येऊन "मला वाचता येत नाही, पण लेकरू अडतंय एवढं कळतं" असे जी आई सांगते, तिच्या मुलाला कोठून शिकवायला सुरुवात करायची हे मला लगेच समजते.

पाटीपेन्सिल

सर, बोट पाहण्याची युक्ती मी आमच्या पालक सभेत सांगणार आहे. मूळ लेखात हा भाग यायला हवा होताच.

शेवंती

नमस्कार. मी अंगणवाडी सेविका आहे. तिसरी-चौथीच्या मुलांबद्दल खूप लिहिले गेले, पण यंदा पहिलीत येणारी मुलेही लक्षात घ्यावीत. त्यांच्या वयाची तीन ते पाच ही वर्षे टाळेबंदीत गेली. आम्ही घरोघरी शिधा पोचवत होतो, पण मुले अंगणवाडीत येऊन बसत नव्हती. ओळीत उभे राहणे, आपला नंबर येईपर्यंत थांबणे, आईशिवाय तासभर राहणे, स्वच्छतागृहात जायचे आहे असे परक्या बाईंना सांगणे, यांतले काहीच त्यांच्या सवयीचे नाही.

यासाठी 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान यंदा सुरू झाले आहे. एप्रिलमध्ये शाळांत पहिला मेळावा झाला. तेथे सात टेबले मांडून शारीरिक, बौद्धिक, सामाजिक व भावनिक विकास, भाषा आणि गणनपूर्व तयारी यांच्या छोट्या छोट्या कृती मुलांकडून करून घेतल्या, आणि कोठे मदत लागेल ते आयांना तेथेच दाखवले. आता सुट्टीत वस्तीवरच्या आयांचे गट आहेत, त्यांना आठवड्याच्या कृतींचे कार्ड मिळते, आणि जूनमध्ये दुसरा मेळावा होईल तेव्हा मुलात काय फरक पडला ते पाहिले जाईल. ज्यांचा पहिला मेळावा हुकला त्यांनी जवळच्या शाळेत जाऊन साहित्य मागून घ्यावे. त्यातल्या कृती अगदी घरगुती आहेत : भाज्यांची वर्गवारी करणे, चपला जोडीने लावणे, कणकेच्या गोळ्या वळणे, ताटातल्या तांदळावर बोटाने रेघा ओढणे. कणीक मळायला देणे हा वेळ घालवण्याचा खेळ नाही. दोन वर्षे बोट फक्त पडद्यावर सरकवलेल्या मुलांची पेन्सिलवरची पकड सैल आहे, दोन ओळी लिहिल्या की मनगट दुखते म्हणतात.

दोन_लेकींची_आई

शेवंतीताई, मनगट दुखण्याचे कारण आज कळले. मी त्याला आळस समजत होते.

शेजारच्या एका कुटुंबाचा प्रश्न विचारते. वडिलांचे काम गेले, खाजगी शाळेचे शुल्क थकले, आणि आता मुलाला महापालिकेच्या शाळेत घालायचे आहे. जुनी शाळा थकबाकी भरल्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला देणार नाही म्हणते. दाखला नाही म्हणून ते मुलाला गेले वर्षभर घरीच ठेवून बसले आहेत.

निवृत्त_हेडमास्तर

त्यांना उद्याच महापालिकेच्या शाळेत जायला सांगा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा मुलाला हक्क आहे, आणि दाखला मिळण्यास उशीर झाला हे प्रवेश लांबवण्याचे किंवा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. जन्मतारखेचा पुरावा आणि आधीच्या शाळेचे कोणतेही कागद, अगदी जुने प्रगतिपुस्तकसुद्धा, बरोबर न्यावे. प्रवेश वयानुसार मिळेल. मुख्याध्यापकांनी तरीही आढेवेढे घेतले तर अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि मनपाच्या शिक्षण विभागात जावे. शुल्काचा वाद पालक आणि शाळा यांच्यातला आहे, तो यथावकाश सुटेल. कामे गेल्यामुळे असे स्थलांतर सगळीकडेच झाले आहे. देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांत असलेल्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६४.३ टक्के होते, ते २०२१ मध्ये ७०.३ टक्के झाले, त्यामुळे नव्या वर्गात आपण एकटेच असे आलो, अशी भीती त्या मुलाला वाटायला नको.

ठाण्याचा_बाबा

हेडमास्तर सर, तुमच्या प्रतिसादावर घरी बोलणे झाले आणि मुलाला तिसरीतच पाठवायचे ठरले. पाटीपेन्सिल ताई, वर्गशिक्षकांना खरे सांगा म्हणता. पण चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात पहिल्या दिवशी शिक्षकांना गाठून बोलणे शक्य होत नाही. लिहून द्यायचे तर काय लिहावे? आणि असे लिहून दिल्याने मुलावर 'कच्चा' असा शिक्का तर बसणार नाही ना?

पाटीपेन्सिल

शिक्का बसतो तो "अभ्यासात कच्चा आहे, लक्ष द्या" अशा मोघम चिठ्ठीने. नेमके लिहिले तर शिक्षकाला त्याच दिवशी कामाला लागता येते. मला एका आईने मार्चमध्ये दिलेली चिठ्ठी साधारण अशी होती : "काना आणि वेलांटी असलेले शब्द वाचते, उकारात गोंधळते, जोडाक्षर सोडून देते. पन्नासपर्यंत वस्तू मोजते, हातचा येत नाही. गोष्ट ऐकून पुन्हा छान सांगते. फळ्यावरून उतरवताना ओळ चुकते. स्वाध्यायाच्या वहीतली शेवटची पाने तिची नाहीत." पाच ओळी, पण त्यांत काय येते हेही होते. त्या मुलीला मी पहिल्या दिवसापासून गोष्ट सांगायला उभे केले आणि उकाराचे काम त्यानंतर बाजूला बसवून केले. प्रगतिपुस्तकावरून मला यातले काहीही कळले नसते.

निवृत्त_हेडमास्तर

त्या चिठ्ठीतल्या "फळ्यावरून उतरवताना ओळ चुकते" या वाक्यावर एक सूचना. असे दिसले तर अभ्यासाआधी डोळे तपासावेत. एरवी शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते आणि चष्म्याची गरज असलेली मुले तेथे सापडतात. शाळा बंद असताना ती संधी गेली, आणि हातातला मोबाइल स्पष्ट दिसत असल्यामुळे लांबचे दिसत नाही हे घरात कोणाच्या ध्यानात आले नाही. मूल फळ्याजवळ जाऊन उभे राहते का, डोळे बारीक करून पाहते का, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते का, हे शिक्षकांना विचारावे. पथक येईपर्यंत थांबू नये. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सुट्टीतच दाखवून आणावे.